मंगळावरची चप्पल

दातांत सुई धरलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि उजव्या हाताचं बोट टीव्हीच्या एका कोपऱ्याकडे रोखलेलं. आक्का आठवली की मला आधी ते बोट आठवतं. मग दातांतली सुई काढून ती विचारायची, "दखायनं का?"

म्हणजे, दिसलं का? आम्हाला बहुतेक वेळा काहीच दिसलेलं नसायचं. तुम्ही-आम्ही सिनेमा बघतो तेव्हा पडद्याच्या मधोमध बघतो. नायिका रडत असते, आपण तिचे डोळे बघतो. आक्का तिच्या मागची खिडकी बघायची. "मघाशी खिडकी उघडी व्हती, आते बंद शे. कोनी बंद कयी?" तिकडे नायिका मरायला टेकलेली आणि इकडे आक्काला खिडकीची काळजी.

सुरतेत, लिंबायतमध्ये, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं घर. साड्यांना लेस लावायचं, खडे चिकटवायचं काम ती घरीच करायची. दारात साड्यांचे गठ्ठे, आत शिलाई मशीन, मशीनसमोर टीव्ही. हात साडीवर आणि डोळे टीव्हीवर. तरी लेस कधी वाकडी गेली नाही. गल्लीतले सगळेच तिला आक्का म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा.

हा चुका शोधायचा खेळ तिचा एकटीचा नव्हता, तिचा आणि आप्पांचा होता. आप्पा म्हणजे तिचे यजमान. ते यंत्रमागावर कामाला होते. लग्न होऊन आक्का धुळ्याकडून सुरतेला आली तेव्हा करमणूक एकच, सुट्टीच्या दिवशी थेटर. पहिल्याच सिनेमाला अंधारात आप्पा तिच्या कानाशी कुजबुजले, "घरमा शिरनी तवय अनवानी व्हती. आते पायमा चप्पल शे." आक्काला काही ते पटेना. घरी येईपर्यंत रस्त्याने भांडण. नवं लग्न, आणि भांडण कशावरून, तर पडद्यावरच्या परक्या बाईच्या चपलेवरून! शेवटी पुढच्या सुट्टीला दोघं पुन्हा त्याच सिनेमाला गेले. नायिका अनवाणीच घरात शिरली आणि आत जाताच तिच्या पायात चप्पल आली. आक्का हरली, आणि घरी येऊन चहा तिने ठेवला.

तेव्हापासून नियम पडून गेला. चूक आधी ज्याला दिसेल तो जिंकला, हरेल त्याने चहा करायचा. आप्पा हरले की चहात एवढी साखर घालायचे की जिंकल्याचा पस्तावा व्हावा, असं आक्का सांगायची. पुराणातल्या राजाच्या मनगटावर घड्याळ, रणांगणामागे विजेचा खांब, मेलेल्या शिपायाचं खालीवर होणारं पोट, यांतलं काही म्हणून दोघांच्या तावडीतून सुटलं नाही. शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटातही आप्पांचं हसणं गल्लीभर ऐकू यायचं.

मग आप्पांना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, पण आप्पा बोलेनात. काठी घेऊन रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. टीव्ही लावला की म्हणायचे, "बंद कर." त्यांची चप्पल दाराशी होती. तिचा एक पट्टा तुटला होता, त्यावर आक्काने साडीची हिरवी लेस शिवून तो सांधला होता. एके दिवशी त्या चपलेकडे बघून आप्पा म्हणाले, "टाकी दे."

आक्काने ती टाकली नाही, पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. टीव्ही ती आवाज बंद करून बघू लागली. मधेच तिचं बोट उठायचं आणि अर्ध्यावर थांबायचं. विचारणार कुणाला? मला ते बघवायचं नाही.

त्याच सुमारास आम्ही सिनेमा काढला. आम्ही म्हणजे मी आणि माझा एक मित्र. पर्वत पाटियाजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे, तिथे मी साड्यांचे कॅटलॉग शूट करतो, जोडीला लग्नं. मित्र साड्या छापायच्या मिलमध्ये कामाला, पण जन्मजात दिग्दर्शक, म्हणजे कुणाचं काही ऐकून घ्यायचा नाही. सिनेमाचं नाव 'मंगळवरना जवाई'. मंगळावरचा एक मुलगा लिंबायतमध्ये मुलगी बघायला येतो, अशी गोष्ट. परदेशी अंतराळपटांची मनसोक्त टिंगल करायची आणि तीही आपल्या अहिराणीतून, असा आमचा बेत होता.

चंदेरी कागदाने मढवलेली रिक्षा हे आमचं यान. आमच्याकडे कुठेही शूटिंग करा, मागे यंत्रमाग वाजतोच. तो आवाज काही केल्या निघेना, म्हणून तोच यानाच्या इंजिनाचा आवाज ठरवून टाकला. अंतराळात आवाज नसतो, अशी शंका कुणीतरी काढली. दिग्दर्शक उसळून म्हणाला, "माग बंद पडना की आपली गल्ली दचकीसन उठस. आवाज राहू दे!" पुढे कोणी शंका काढली नाही.

कपड्यांसाठी आम्ही आक्काकडे गेलो. मार्केटात न खपलेल्या चंदेरी साड्या घेऊन गेलो होतो. तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "माले पैसा नको. कपडा आनि सामान मी मांडसू. पन मी जे ठेवसू, ते कोनी काढानं नही." मित्र घाईत होता, तो हो म्हणून मोकळा झाला.

शूटिंगला आक्का रोज हजर. गळ्यात टेप आणि पदराला सुया. मंगळाच्या राजाचा मुकुट म्हणजे तिच्याच घरचं स्टीलचं पातेलं. ते तिने राखेने असं घासून आणलं होतं की त्यात तोंड दिसावं. राजा झालेला भाजीवाला शॉट संपला की पातेल्यात बघून भांग पाडायचा.

मी एडिटिंगला बसलो आणि बोंब झाली. मंगळाच्या राजाच्या हातात घड्याळ! त्याच्या सेनेमागे मंगळावरच विजेचा खांब. राजकन्येच्या पदराचा रंग एकाच गाण्यात सारखा बदलतोय. मेलेला सैनिक निवांत नाक खाजवतोय. दिग्दर्शकाने डोकं धरलं.

"लोके हासतीन आपले!"

"विनोदी सिनेमा आहे ना आपला?" मी विचारलं.

"सिनेमाले हासाले पाहिजे, माले नही!" तो ओरडला. हे सगळं कापायचं, नाहीतर पुन्हा शूट करायचं, आणि आक्काला हे तू जाऊन सांग, असा हुकूम सोडून तो मिलमध्ये निघून गेला.

मी आक्काच्या घरी गेलो. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, दोरा दातांनी तोडला आणि आतल्या खाटेकडे एक नजर टाकून मला बाहेर ओट्यावर आणलं.

"त्या चुका मी मुद्दाम ठेवेल शेत, भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या आमना दोन्हीसन्या चुका शेत. इतला वरीस आम्ही त्याच दखात उनूत."

तिने पुन्हा आतल्या खाटेकडे पाहिलं.

"आते तुमना आप्पा बोलतंस नही. टीव्ही दखतंस नही. पन चूक दखायनी ना, तर त्यासले गप बसता येवाव नही. माले माहीत शे. एकदाव बोट उचलू दे त्यासले, बस. मंग तुमना सिनेमा पडना तरी चाली."

सिनेमा पडला तरी चालेल, असं सिनेमा काढणाऱ्यालाच सांगणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मला राग यायला हवा होता, पण माझे डोळे भरून आले. संध्याकाळी मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "सेनापतीले बी घड्याय घालूत का? परत शूट करी लेऊ."

माग बंद असतात त्या सुट्टीच्या दुपारी लग्नाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. गल्ली लोटली होती. आप्पा यायला तयार नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. "बंद कर" एवढंच ते आम्हालाही म्हणाले. हॉलमध्ये त्यांनी मान वळवून तोंड खिडकीकडे केलं. आक्का मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत बसली.

राजा सिंहासनावर बसला तेव्हा हॉलमध्ये शांतता होती. दिग्दर्शकाने माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अय, राजानं घड्याय दखा!"

हॉल असा हसला की पत्रे हादरले. आणि मग एक गंमत झाली. लोक पडद्याच्या मधोमध बघायचं सोडून कोपरे शोधायला लागले. खांब दिसला, शिट्ट्या पडल्या. पदराचा रंग बदलला तसा बायकांनी एकच गिल्ला केला. मेलेल्या सैनिकाला तर लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा नाक खाजवायला सांगितलं. दिग्दर्शक माझ्या पाठीत गुद्दे घालत होता. तो आनंदाने रडत होता आणि मार मी खात होतो.

आक्का मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष समोरच्या खुर्चीवर. घड्याळ येऊन गेलं, खांब गेला, पदर गेला. आप्पांचं तोंड आता खिडकीकडून पडद्याकडे वळलेलं होतं खरं, पण त्यावर काहीच नव्हतं. आक्काने पदराची सुई काढून उगीचच दातांत धरली.

शेवटचा प्रसंग मुलीच्या पाठवणीचा होता. नवरी मेंदी लावलेल्या अनवाणी पायांनी यानात चढते. ते पाय जवळून दाखवा, असा आक्काने हट्टच धरला होता. यानाचं दार लागतं, माग खडखडतो, यान मंगळावर उतरतं, दार उघडतं आणि नवरीचं पाऊल बाहेर पडतं. पब्लिक मंगळावरच्या सासूचा रुसवा बघण्यात गुंग होतं. कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

"मनी चप्पल!"

माझी चप्पल, असं म्हणणारा तो आवाज घोगरा होता. गल्लीने तो किती दिवसांनी ऐकला होता! आप्पांचा डावा हात वर गेला होता आणि बोट पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे रोखलेलं होतं.

"अनवानी बठनी व्हती ती यानमा! आते पायमा चप्पल कथाईन उनी? आनि तीबी मनी!"

मग कोणीतरी ओरडलं, "मांगे ले!" आणि सगळा हॉल, "मांगे ले! मांगे ले!" मी सिनेमा मागे घेतला. मेंदीचे अनवाणी पाय यानात चढले. दार लागलं, दार उघडलं. मंगळाच्या जमिनीवर एक भलीमोठी पुरुषी चप्पल टेकली, तिच्या पट्ट्यावर हिरवी लेस. अख्खा हॉल उभा राहिला. शिट्ट्या काय, टाळ्या काय, कोणी टोप्या उडवल्या! आप्पा अर्ध्या तोंडाने हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आक्का उठून त्यांच्यासमोर आली. सुई दातांतून काढली. "तुमले दखायनं का?"

"दखायनं," आप्पा म्हणाले. "च्या ठेव."

आक्का हरली होती. हरून इतकं खूश झालेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी चप्पल परत मागितली. "ते सिनेमानं सामान शे," असं म्हणून दिग्दर्शकाने थोडे आढेवेढे घेतले, पण दिली. ती घालून, काठी टेकत, आप्पा आधी दारापर्यंत आले, मग ओट्यापर्यंत, पुढे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून चप्पल दाखवायचे. ही मंगळावर जाऊन आली आहे, असं सांगायचे.

सिनेमा मोबाइलवरून गावोगाव गेला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, कोसाडच्या कॉलनीतली माणसं खास रिक्षा करून आक्काला सांगायला यायची की आम्हाला आणखी एक चूक सापडली. बऱ्याचदा ती खरोखरची आमची चूक असायची. आक्का गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "ते बी मीच ठेवेल व्हतं." आणि ते लोक गेले की आप्पांकडे बघून पोट धरून हसायची.

गेल्या वर्षी आक्का गेली. फार आजारीही नव्हती. गल्लीला एकदम कोपराच नाहीसा झाल्यासारखं वाटलं. मला अजून तिची सवय सुटलेली नाही. साडी शूट करताना मी आधी चारी कोपरे बघतो.

मध्यंतरी आप्पांना भेटायला गेलो. ते ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी डाव्या हाताने जवळ बोलावलं. पडद्यावर 'मंगळवरना जवाई' थांबवलेला होता. राजा सिंहासनावर, डोक्यावर चकचकीत पातेलं.

"दखायनं का?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ ना?"

त्यांनी मान हलवली आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पातेल्याच्या कडेला एक इवलीशी बाई उमटली होती. चष्मा कपाळावर, बोट वर. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यामागे उभी राहून आक्का कुणाला तरी काहीतरी दाखवत होती. हा सिनेमा मी कापला, जोडला, शेकडो वेळा बघितला. मला ती कधी दिसली नव्हती.

"तिले वाटनं, माले दखावाव नही," आप्पा म्हणाले. आवाजात जिंकल्याचा तोरा होता. "तुमनी आक्का हारनी."

मग मोबाइल माझ्या हातात देऊन ते काठीच्या आधाराने उठले.

"च्या तिनीच कराले पाहिजे. पन आते ती नही. बस तू, मी ठेवस."

हिरव्या लेसची चप्पल फरफटत आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग साखरेचा डबा उघडल्याचा. मी ओट्यावर बसून राहिलो. माझ्या हातातल्या मोबाइलवर आक्काचं बोट तसंच वर होतं.