अर्धी सावड

शालिकराम माळ्याकडे बैल एकच, गोवर्धनकडेही एकच. म्हणून दोघांची सावड: दोन्ही बैल एका जुवाला, आज याचं वावर, उद्या त्याचं. सावड इतकी मुरलेली की धर्म बदलायचा ठरला तोही सावडीतच.

मुळात ते खूळ गोवर्धनचं. अमरावतीच्या बाजारात पाद्रीसाहेबांचं बोलणं ऐकून तोच डोळे पुसत आला होता. "शालिक, हा देव आपल्यासारख्याच्या घरी जेवते गा!"

बाप्तिस्म्याच्या सकाळी तो म्हणाला, "तू होय पुढं. बैलाले पानी पाजून मी येऊनच राहिलो."

डोक्यावर पाणी पडेपर्यंत शालिकराम दाराकडे टक लावून होता. पाद्रीसाहेबांना वाटलं, काय ही भक्ती!

त्या साली विलायतेत कापसाची बोंब होती आणि वऱ्हाडात जो तो कापूस लावत सुटला होता. गोवर्धनचा सासरा किसनराव त्याला कापसाच्या वावरात भागी द्यायला तयार झाला. अट एकच, जात सांभाळायची. गोवर्धनचा बैल पाणी प्यायला तो थेट किसनरावाच्या गोठ्यात.

एकट्या बैलानं नांगर चालत नाही. उन्हाळ्यात पाद्रीसाहेब चिखलदऱ्याला निघाले, तेव्हा शालिकरामनं आपल्या बैलाच्या पाठीवर साहेबांची गाठोडी लादली. घाटात साहेब वळणावळणाला थांबत. दम लागला असं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून म्हणत, "शालिकराम, हे डोंगर देवाचा महिमा सांगतात."

शालिकरामाला डोंगर काहीच सांगत नव्हते. तो मनात एकच विचारत होता, देवा, गोवर्धन्या काहून नाई आला? तूच खोटा, का तोच?

एका वळणावर तो थबकला. उभ्या कातळात उंबर. चिमूटभर माती नाही, आणि झाड फळांनी लगडलेलं, पाखरांनी गजबजलेलं. माळ्याची नजर फळांवर थांबत नाही. त्यानं मुळाशी भेगेत हात घातला. वैशाखात, आजूबाजूला थेंब नसताना, बोटं ओली झाली.

"याले कोन पानी देते, साहेब?"

साहेबांनी नुसतं वर पाहिलं. शालिकरामनं ती बोटं कपाळाला लावली. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याचं लक्ष दाराकडे होतं; पाणी काय ते आज लागलं. गोवर्धन का आला नाही, हे मात्र उंबरानंही सांगितलं नाही.

मृगाच्या तोंडावर गोवर्धन आपला बैल घेऊन बांधावर हजर. "शालिक, सासऱ्याचा बैल लंगडला. तू प्रायश्चित्त घेऊन टाक, जातीच्या पंचाईले मी समजावतो. सावड पयल्यासारखी!"

"प्रायश्चित्त नाई घेत मी."

"मंग बैल तरी दे बाप्पा! आज माहं पेरतो, उद्या तुह्यं."

"बैल बाटला नाई काय मह्यासंगं?"

"बैलाले कायची जात!" गोवर्धन हसला.

शालिकरामनं दावं सोडून त्याच्या हाती दिलं. दोन्ही बैलांनी एकमेकांची मान चाटली.

"उद्या येशीन ना?"

"येऊनच राहिलो!"

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. शालिकरामनं वाटेकडे एकदाच पाहिलं, मग कुदळ घेतली.