केरळच्या तेलाची बाटली

सत्तरच्या दशकात मी प्रताप नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची, तेही तात्पुरती. डिसेंबरात तपासणी होती. साहेबांना पाठ आवडला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसून पोळ्या लाटा! पाठ होता केरळचा. अन् मी तर समुद्रही पाहिला नव्हता. मिरी, रबर, काजू, खोबरं तेवढं घोकून ठेवलं.

आदल्या संध्याकाळी शेजारची नर्स आली. केरळहून येऊन नुकतीच रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लागली होती. हातात आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली, आतलं तेल पांढरंफटक. "दीदी, ये खराब हो गया क्या?" डोळे भरलेले. मला हसूच आलं. थंडीनं गोठलंय म्हटलं, उन्हात ठेव. म्हणाली, आमच्याकडे बाराही महिने पातळच असतं. झालं, माझी ट्यूब पेटली! हाच तर पाठ! बाटली एका दिवसासाठी मागून घेतली.

सकाळी ती वर्गात टेबलावर ठेवली आणि साहेबांना आणायला गेले. त्यांच्या चहापाण्यात तास गेला. वर्गात येऊन मोठ्या ऐटीत बाटली उचलली, तर आत तेल डुचमळतंय!

"हा उद्योग कोणाचा?"

मॉनिटर उभी राहिली. "मी उन्हात ठेवली होती मॅडम. मले वाटलं, तुम्हाले डोक्याले लावाचं हाये."

घरोघरी हिवाळ्यात हेच काम करणाऱ्या पोरी त्या, रागावणार तरी काय! गेली नोकरी, एवढंच मनात आलं.

साहेबांनीच तिला विचारलं, "केरळातही उन्हात ठेवावी लागते काय गं?"

पोरगी नकाशाकडे पाहत राहिली. "नाही सर. तिथं बाजूले समुद्र हाये, इतकी थंडीच नाही पडत. तिथल्या पोरीयची मजा हाये!"

साहेब खदखदून हसले. "बरं, तिथून बाहेर काय जातं?"

"मिरी! रबर! काजू!" अख्खा वर्ग ओरडला. माझी नोकरी पक्की झाली.

संध्याकाळी पेढे आणि बाटली घेऊन नर्सकडे गेले. ती अंगाभोवती दोन साड्या गुंडाळून बसली होती, दातावर दात वाजत होते. स्वेटर नव्हता तिच्याकडे, गावी कधी लागलाच नव्हता. मला माझीच लाज वाटली. बाटली मागितली, पण तुला थंडी वाजते का, एवढं विचारलं नव्हतं मी. तशीच मागे फिरले आणि माझा स्वेटर आणून तिला घातला.

पुढच्या वर्षी पुन्हा केरळचा पाठ आला. तिथून बाहेर काय जातं, त्याची यादी फळ्यावर लिहिताना मिरीच्या आधी मी लिहिलं, मुली.