सोपानच्या मायचा स्टॉप

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात, गाडीत बसलेले आणि गाडी चुकलेले, असं माझे थोरले साडू मानतात. आणि दुसऱ्या प्रकारचा एकही माणूस पृथ्वीवर शिल्लक राहू नये ही आपली वैयक्तिक जबाबदारी आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. निवृत्तीच्या दिवशी खाकी कपडे उतरले, पण कंडक्टर काही उतरला नाही. आमच्या घरी आले की उंबरठ्यातच "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात, आणि दिवाणखान्यात आम्ही नवराबायको दोघंच असलो तरी सरकतो. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर वरण पडल्याशिवाय ते कोणाला घास घेऊ देत नाहीत. सगळं मनासारखं झालं की ताटावर चमच्यानं दोनदा टणटण करतात. ही डबल बेल. त्यानंतरच आमचं सासर जेवायला लागतं. एकदा राजूरच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाचा टेम्पो पाऊण तास अडवून धरला होता, कारण येताना असलेल्या एक आत्याबाई जाताना दिसत नव्हत्या. आत्याबाई केव्हाच दुसऱ्या गाडीनं घरी पोचून चहा पीत बसल्या होत्या. साडूंना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. "पोचल्या ना? मंग बराबर हाय," म्हणाले आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

हा माणूस निवृत्तीनंतर घरात बसणार नव्हताच, पण तो माझ्या ऑफिसात येऊन बसेल असं मात्र मला वाटलं नव्हतं. मी तहसीलच्या निराधार शाखेत कारकून आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझीच आहे. एक दिवस सकाळी मी जुन्या जालन्यातून बसनं निघालो, तर हे डबा घेऊन शेजारी. "चला, तुमची ड्युटी पाहू," म्हणाले. ते रोजच यायला लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी बाकडी ओढून सावलीत नेली. दुसऱ्या आठवड्यात पाण्याचा माठ म्हाताऱ्यांच्या हाताला येईल असा खाली घेतला. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?" तर म्हणाले, "मी हे लोक यायलेत ना, त्यांच्यासंगं हाय." साहेबांना वाटलं, कुठल्या तरी समितीचे सदस्य असतील. तेव्हापासून साहेब त्यांना नमस्कार करतात, आणि मला नाही.

खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. मी कामसू माणूस आहे. टेबलावर एक कागद पडून राहत नाही, खिडकी दहाच्या ठोक्याला उघडते. वर्षातून एकदा निराधारांची पडताळणी असते, म्हणजे ज्यांना दरमहा अनुदान मिळतं त्यांनी समोर येऊन आपण हयात आहोत हे दाखवायचं. मी खिडकीतून नाव पुकारायचो, खणखणीत, तीनदा. आलं माणूस की अंगठा. नाही आलं की नावापुढे लाल शाईत 'गैरहजर', आणि संध्याकाळी यादी वर गेली की त्याचं अनुदान बंद. याहून सरळ पद्धत असू शकते असं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास माझी यादी संपली. मी टोपण लावतोय तोच साडू दारात आडवे उभे राहिले.

"साडूभाऊ, गाडी हलवू नका. एक पाशिंजर बसून हाय."

व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारी सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला पाहिलं होतं. कोणाबरोबर तरी आली असेल, असं धरून चाललो होतो.

"माय, नाव काय तुमचं?" साडूंनी विचारलं.

"सोपानची माय."

"अन् कागदावर?"

तिनं जरा विचार केला. "रुक्मिण."

मी गाव विचारून यादी चाळली. तिच्या गावातली रुक्मिण नव्हतीच. "उशीर झालाय, काकू," मी म्हणालो. "आता पाठवून देतो यादी."

तिचा चेहरा उतरला. सोपान जाऊन काही वर्षं झाली होती. आजवर शेजारीण सोबत येऊन कागद करून द्यायची, ती पुण्याला लेकाकडे गेली म्हणून म्हातारी पहिल्यांदाच एकटी आली होती. "मंग आता मी खाऊ काय?" एवढंच ती म्हणाली, तेही भांडण्यासारखं नाही, खरोखर विचारल्यासारखं.

साडू तिच्याशेजारी खाली बसले. कंडक्टर माणसाला तू कोण असं विचारत नाही, तू कुठं बसलास असं विचारतो. "माय, आधार कार्ड काढलं तवा तुम्ही कुठं होत्या?"

"माहेरी गेल्ते, अंबडकडं. भावानंच नाव सांगितलं."

पिशवीतल्या फडक्यातून कार्ड निघालं. चंद्रकला. ते नाव मी सकाळी साडेअकराला तीनदा पुकारलं होतं, आणि ती माझ्यापासून दहा पावलांवर होती.

"ऐकू नाही आलं का हो?" मी विचारलं.

"आलं की. म्हन्लं असंल कोनी पोरगी." ती ओशाळली. "लग्नात नाव बदललं. मंग सोपान झाला, तवापासून सोपानची माय. त्या नावाचं माझ्या ध्यानातच न्हाई राह्यलं."

मला इतकी शरम वाटली की काय करावं ते कळेना. साडू माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाडीत कंडक्टर फिरतो, साडूभाऊ. पाशिंजर उठून त्याच्याकडं येत न्हाई."

मी यादी घेऊन उठलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिडकीच्या त्या बाजूला गेलो आणि व्हरांड्यात बसलेल्या एकेकाजवळ थांबून कार्ड पाहिलं. आणखी दोघी सापडल्या. एकीला सगळे 'बुढीमा' म्हणत होते, नातवंडंही आणि शेजारीही. तिघींच्या नावावरची लाल शाई मी स्वतः खोडून सही केली, अंगठे घेतले, आणि साडूंनी खिडकीच्या गजावर दोनदा टणटण केलं. मग यादी गेली.

म्हातारी फाटकापर्यंत गेली आणि वळली. "कंडक्टर, ते नाव येकदा पुकारता का? भाऊ वारला. आता कोनी न्हाई त्या नावानं बोलवनारं."

साडूंनी घसा साफ केला आणि भर बसस्टँडवर पुकारावं तसं पुकारलं, "चंद्रकलाऽऽ." ती "ओ" म्हणाली, पदर तोंडाला लावून हसली, आणि गेली.

आता यादीत मी पेन्सिलीनं एक रकाना जास्तीचा आखतो, हाकेच्या नावाचा. पडताळणीला खुर्ची सोडून व्हरांडाभर फिरतो. साहेब हसतात, हसू देत. साडूंचे गुडघे गेलेत, ते यंदा आले नाहीत. ती आली होती. मी चंद्रकला म्हटलं, तिनं ओ दिली, अंगठा दिला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाली, "कंडक्टर न्हाई आले?" संध्याकाळी फोन करून साडूंना हे सांगितलं.

"एकलीच आल्ती का?"

"हो."

"मंग फाटकापर्यंत जायचं होतं तुम्ही."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी जाईन.