उंदरांच्या जेवणाचा डबा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळायचे. परदेशातून आलेल्या काही उंदरांमध्ये जन्माआधीच एक परकं जनुक घातलेलं होतं. त्यानं मूत्रपिंड बिघडतं का, एवढंच बघायचं होतं. बिघडलं की लघवीतून प्रथिनं जातात, आणि तिच्यात आम्लाचे थेंब टाकले की ती पांढरी होते. जनुकवाल्या चार माद्या, साध्या चार. दिसायला सगळ्या सारख्या. खूण म्हणून जनुकवालीच्या कानाला भोक.

पहिल्याच चाचणीत आठही नळ्या पांढऱ्या! साध्यांच्या तर जास्तच.

"बाई, तुम्ही पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत," सर म्हणाले. "शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर प्रयोग बंद. खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं."

माझं डोकंच सटकलं. भोकाचा कान मला ओळखता येत नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी पिंजऱ्यांसमोरच ठाण मांडलं. उंदरांच्या वड्या आम्हीच करायचो. चण्याचं पीठ, कणीक, दूधपावडर मळून वाळवायच्या. साध्या माद्या धडधाकट, वडीवर तुटून पडत होत्या. चुरा जाळीतून खालच्या नरसाळ्यात, तिथून थेट लघवीच्या नळीत! जनुकवाल्या मरगळलेल्या, त्यांचा चुरा कमी. मी अर्ध्या जेवणावरून उठले.

एक वडी नळाच्या पाण्यात भिजवली, पाणी दोनदा गाळलं आणि सरांच्या टेबलावर त्यात आम्ल टाकलं. पांढरंफटक.

"सर, नळाच्या पाण्याला किडनीचा आजार झालाय."

सर हसले नाहीत, पण मुदत वाढवली. मुलुंडला आमच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याकडून मी आठ छोटे डबे करून घेतले. पिंजऱ्याबाहेर लावायचे, उंदराचं तोंड जाईल एवढीच फट. चुरा डब्यातच राहायचा.

पुढच्या चाचणीला कान मी सरांनाच तपासायला लावले. चार नळ्या स्वच्छ, चार पांढऱ्या, आणि पांढऱ्या चारही भोकवाल्यांच्या. जनुकानं मूत्रपिंड बिघडत होतं! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

सरांनी एक डबा उलटसुलट करून पाहिला. "कोणी केला हा?"

"पत्रेवाल्यानं. पण डोकं माझं. आणि पिंजरेही मी बदलले नव्हते."

"नव्हते," सर म्हणाले.

कमरेची किल्ली चाचपत मी वड्या घालायला गेले.