पुदिना कुठं जातो? दर्यापूरहून अमरावतीच्या कॅफे गल्लीपर्यंत

सोमवारी टेम्पोतून परत आलं ते असं: रिकामे कॅरेट चार. सुतळीचा गुंडा एक, आमचाच, मागच्या खेपेचा. पुदिन्याचे रोख नऊशे साठ रुपये. आणि एका कॅरेटच्या बुडाला ओला होऊन चिकटलेला जाड, चकचकीत कागद एक. त्याची किंमत काही लिहिलेली नव्हती, पण आमच्या घराला तो चार दिवसांच्या शांतीला पडला.

कागद माझ्या लेकीनं, पल्लवीनं वाचला. ती बारावीला आहे. मी वहीत लिहिते आणि ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून इथं ब्लॉगवर टाइप करते, म्हणून तिच्याबद्दल जपूनच लिहावं लागतं. ती म्हणाली, "आई, हे बारचं मेनूकार्ड हाय. दारूत पुदिना टाकतेत त्याइचं."

आमचे हे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला शिवत नाही. विहिरीजवळचे दोन गुंठे मात्र माझे. लग्नानंतर बावीस वर्षांनी ह्या घरात 'माझं' म्हणावं अशी पहिली वस्तू म्हणजे तो पुदिन्याचा वाफा. ह्यांनी कागद घेतला आणि तडक भजनी मंडळाच्या बुवांकडे गेले. बुवांचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. बुवा पेटी वाजवतात, आवाज गोड, आणि शब्द शेवटचा. त्यांनी निकाल दिला, "ज्या वाफ्याचं पान मद्यात पडतं, त्या वाफ्याच्या घरानं विठ्ठलाला फूल वाहू नये."

ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "दशमीपर्यंत पाहून ये खरं काय ते. खरं असलं तर मी वाफा नांगरतो."

दशमी शुक्रवारी होती. मी मंगळवारी निघाले.

आधी दर्यापूरच्या भाजीबाजारात सलीमभाईंना गाठलं. माझा माल तेच अमरावतीला पोचवतात. त्यांनी कपाळावर हात मारला. "भाभी, मैं तो माल पहुंचाता हूं. आगे वो चटनी बनाए, के क्या बनाए, अल्ला जाने. दारू मेरेको बी हराम है. तुमको पता लगा तो मेरेको बी बता देना." त्यांनी एका चिठ्ठीवर तीन ठिकाणं लिहून दिली. तिन्ही एकाच गल्लीतली.

सोबतीला माझी मोठी नणंद, शांताक्का. ती अकोल्याहून पहाटेच्या बसनं दर्यापूरला आली. पिशवीत दशम्या, ठेचा, आणि साखरेची गोळी. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून तिला गोडाचा वास दोन चौकांवरून येतो. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, दर्यापूर ते अमरावती माझे पंचेचाळीस गेले. उजव्या खिडकीशी बसू नका, सकाळचं ऊन तोंडावर येतं. दोन्हीकडं काळं रान, तूर कापणीला आलेली, आणि पुढच्या सीटवरच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी पूर्ण दीड तास आक्काकडं पाहत होती.

आधी अंबादेवीचं दर्शन घेतलं. चपला जोडून एका पिशवीत घालून सोबत ठेवल्या तर ठेवणावळ पडत नाही. देवीला म्हटलं, माझा वाफा राहू दे, पण लबाडी करून नको. मग ऑटोनं राजापेठ. सांगितले ऐंशी, दिले पन्नास, मधले तीस आक्कानं तोंडानं वसूल केले.

राजापेठेत क्लासची पोरं, स्कुटीचा पूर, आणि तिथून पुढं वळलं की ही गल्ली. पोरं तिला कॅफे गल्लीच म्हणतात. तरुण वाचकांना ती ठाऊक असेल. माझ्यासारख्यांसाठी सांगते: दुकानं काचेची आहेत, दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नाही, तेव्हा कोणी आत जाईपर्यंत थांबावं. एका दुकानात गुडघ्यावर फाटलेली पँट अठराशेला होती. आक्का म्हणाली, "अव माय, आपल्या सालदाराच्या पँटचे त मंग पाच हजार येतीन." दुसऱ्या दुकानात नखं रंगवून नव्हे, नवीन चिकटवून मिळतात. त्या नखांनी भाकर थापता येते का, असं मी विचारलं. मुलगी प्रामाणिक होती. "नाही काकू," म्हणाली, "कुकरचं झाकणही लागत नाही."

पहिलं ठिकाण कॅफे. बसायला वेताचे झोके. आक्का झोक्यात बसली ती अर्ध्या तासानं दोघांनी धरून काढावी लागली. पुदिना-लिंबाचं सरबत एकशे सत्तर रुपये, एकच मागवलं. बरणीत आलं. मी वरून बोटानं पानं मोजली. सात.

"सात पानाईचे एकशे सत्तर," आक्का म्हणाली. "तुह्या वाफ्यात त सोनं उगून राहिलं, सुमन. अन् तू जुडी पाच रुपयाले देते काय व?"

आम्ही टेबलाखाली दशमी सोडली तशी वाढणारी मुलगी आली. "काकू, बाहेरचं इथं चालत नाही."

"बाहेरचं नाई, घरचं हाय," आक्कानं तिच्या हातावर ठेच्याचा गोळा ठेवला. "खाय. किती वाळली तू."

मुलीनं इकडंतिकडं बघून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि अजून मागितला. तिनंच सांगितलं, पुदिना इथं सरबतात जातो आणि गिऱ्हाईक पानं खात नाही, तशीच टाकतात. मला वाईट वाटलं, पण पाप काही दिसलं नाही. चिठ्ठीवर कॅफेपुढं खूण केली: बरोबर.

दुसरं ठिकाण म्हणजे मोमोची गाडी. मोमो हा मोदकाचा भाऊ, पण गूळ-खोबऱ्याच्या घरातून पळून गेलेला. भाज्यांचे सहा, साठ रुपये. सोबतची हिरवी चटणी माझ्या पुदिन्याची. गाडीवाला म्हणाला, "काकू, लोक मोमो चटणीसाठी खातेत." मी त्याला जिरं भाजून घालायला सांगितलं. त्यानं तिथंच घालून पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. हे साठ मी खर्चात धरले नाहीत. दुसरी खूण: बरोबर.

तिसरं ठिकाण बार.

दुपारचे चार वाजले होते. दारावर टोपीवाला दरबान. "फॅमिली?" त्यानं विचारलं.

"हो, हे माही भावजय," आक्का म्हणाली आणि आत शिरली.

आत थंडगार, निळा अंधार, तळलेल्या शेंगदाण्यांचा वास. शिरल्या शिरल्या समोर गणपती, त्याला झेंडूचा ताजा हार आणि उदबत्ती. आक्कानं हात जोडले, मीही जोडले. देवाची काय चूक? तिथं पाणी मात्र मी घेतलं नाही. मॅनेजर पस्तिशीचा, बोलण्यावरून अंजनगावकडचा निघाला. पुदिनेवाली मीच म्हटल्यावर उठून उभा राहिला.

"बसा मावशी. काय झालं? माल खराब गेला काय?"

"नाही बाबा. तू तो दारूत किती टाकतो, तेवढं खरं सांग. माझा वाफा त्यावर अडला आहे."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "मावशी, आपल्या इकडचा माणूस दारूत पाला टाकत नाई. त्याले थे पटतच नाई. शेंगदाणे, फरसाण, अन् सरळ घोट. शनिवारी कालेजचे पोट्टे येतेत, थे मागतेत पुदिनावाली. हप्त्याले दोन गिलास. लय झाले त तीन."

"मग अख्खं कॅरेट?"

त्यानं दाराजवळच्या काउंटरकडं बोट दाखवलं. तिथं मोठा काचेचा वाडगा, काठोकाठ पुदिन्याची पानं, बाजूला बडीशेप आणि खडीसाखर. "थे मुखशुद्धी. फुकट हाय. घरी जाताना मूठभर चावतेत. घरच्या बाईले वास नाई आला पाह्यजे ना."

मी वाडग्याकडं पाहत होते तेवढ्यात आतलं दार उघडलं. एक हात सवयीनं, न बघता, वाडग्याकडं गेला. मूठभर पानं उचलली, तोंडात कोंबली. दुसऱ्या हातात पेटीची खोळ.

"बुवा," आक्का म्हणाली, "पेटी दुरुस्त झाली काय?"

आमच्या मंडळाची पेटी दर मंगळवारी बिघडते, हे मला सांगायचं राहिलंच. भाता फाटतो, सूर उतरतो, आणि बुवा स्वतःच्या खर्चानं ती अमरावतीला नेऊन नीट करून आणतात. मंडळानं त्यासाठी त्यांचा नारळ देऊन सत्कारही केलाय. आणि बुवांच्या तोंडाला पुदिन्याचा वास येतो तो गळ्यासाठी, असं त्यांच्या पत्नीच आम्हाला कौतुकानं सांगत.

बुवांचा हात गळ्याशी गेला. माळ तिथं नव्हती. ती सदऱ्याच्या खिशातून डोकावत होती. पानं तोंडात तशीच, गाल फुगलेले.

"हे पेटीवाले काका तुमच्या गावचे?" मॅनेजर म्हणाला. "लय सज्जन. शेंगदाण्याचेही पैसे देतेत."

बुवांनी गिळलं. "वहिनी, तुमचे मालक…"

"बुवा, मी ह्यांना तुमच्याबद्दल काही सांगणार नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं तेवढं सांगीन. दोन गिलास, चटणी, सरबत, आणि दाराशी ठेवलेला वाडगा. मग वाफ्याचं काय करायचं, ते तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. हे तुमच्याच शब्दावर आहेत."

परतीच्या बसमध्ये बुवा ड्रायव्हरमागं बसले, आम्ही सगळ्यात शेवटी. आक्का दर्यापूरपर्यंत हसली, आणि तिथून अकोल्याच्या बसमध्ये बसतानाही हसतच होती.

शुक्रवारी दशमीचं भजन. मी सगळं सांगितलं, एक पान इकडंतिकडं केलं नाही, बुवा तेवढे गाळले. हे हात जोडून म्हणाले, "बुवा, नांगरू का?"

बुवांनी घसा साफ केला. पेटीचा एक सूर दाबून धरला, सोडला. "पुदिना," म्हणाले, "हा तुळशीच्याच कुळातला. पान पडतं कोठी, हे पाह्यलं त कोणतंच पान शुद्ध नाई. थे उगवते कोठी, हे पाहावं. वाफा ठेवा."

"पण तुमीच त म्हणले होते…"

"म्हणलो होतो. माणूस चुकते, भाऊ." हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडं न बघता, पण माझ्यासाठी बोलले. खाली बघून पुढचा अभंग धरला, आणि त्या रात्री जसे गायले तसे पूर्वी कधी गायले नव्हते.

वाफा वाचला. मला आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी जुड्या बांधताना माझे हात थांबले. दोन गिलासांचं मला काही वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर तो वाडगा होता. कुठंतरी एक बाई दार उघडते, नवऱ्याचा वास घेते, आणि माझ्या पुदिन्यावर विश्वास ठेवून निश्चिंत होते. बुवांच्या पत्नी तशाच. मीही त्यांच्या जागी तशीच असते.

सलीमभाईंना निरोप दिला: कॅफेचे आणि मोमोवाल्याचे तीन कॅरेट चालू, बारचं बंद. ते म्हणाले, "शुक्र है भाभी, मैं बी छूटा." त्यानंतर तीन मंगळवार झाले. पेटी एकदाही बिघडलेली नाही.

आता दर रविवारी तोडीचा एक कॅरेट पुदिना शिल्लक राहतो. पानं मोठी, विहिरीच्या पाण्याची, जुडी पाच रुपये. कॅफेवाल्यांना सहा रुपये; त्या सात पानांचा भाव मी विसरलेले नाही. चटणीवाले, सरबतवाले, लग्नाच्या पंगतीवाले, कोणाला हवा असल्यास पोस्टकार्ड टाका, कारण मोबाईल पल्लवीच्या परीक्षेपर्यंत कुलपात आहे. दर्यापूरच्या भाजीबाजारात, सलीमभाईंच्या गाळ्यावर, 'पुदिनेवाल्या बाईंना' एवढं लिहिलं तरी पोचतं. आणि बायांनो, तुमच्या गावची पेटी जर दर आठवड्याला बिघडत असेल, तर तेही उलट टपाली कळवा.