जोएलची नळी

मार्लीन ह्रिंकिव्हला जोएलचं सगळंच खुपायचं. तिचं खळखळून हसणं खुपायचं, तिचे लाल बूट खुपायचे. पण खरी मिरची झोंबली ती गॉर्डनमुळे. इतकी वर्षं बैठकीत "मार्लीनचा धागा" म्हणणारा हा साहेब आताशा "जोएलचा धागा" म्हणायला लागला होता.

कॅनडातल्या सास्काटूनच्या त्या प्रयोगशाळेत डीएनएचे आखूड तुकडे बनवण्यात मार्लीनची उमर गेली होती. तिथे त्यांना सगळे धागेच म्हणत. धाग्यावर एक रासायनिक झाकण असतं. जांभळा प्रकाश पडला की ते उडतं, धागा पेशीतल्या डीएनएवर आपली नेमकी जागा गाठतो आणि तिथलं बिघडलेलं अक्षर बदलतं. अंधारात मात्र त्याने गप्प बसायचं. मार्लीनचे धागे साध्या ट्यूबलाइटनेही जागे व्हायचे, म्हणून काम लाल दिव्याच्या खोलीत, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून चालायचं. पांढरा दिवा लावण्याआधी एकीने विचारायचं, "झाकलं?" दुसरीने नळ्या बघून म्हणायचं, "झाकलं!" हा रिवाज मार्लीननेच घातलेला.

अशात न्यू ब्रन्सविकहून जोएल आर्सनो आली, नवं झाकण घेऊन. आजारी मुलांच्या पेशींसाठी दोघींपैकी एकीचाच धागा जायचा होता. दोन्ही धाग्यांची एकेक नळी जांभळ्या प्रकाशात ठेवायची, एकेक फॉइलमध्ये. निकालाच्या दिवशीच गॉर्डन निवड करणार होता.

चाचणीच्या सकाळी जांभळा दिवा बंद करून जोएल पांढऱ्या दिव्याच्या बटणाशी गेली. मार्लीनने नळ्यांवर नजर टाकली. जोएलच्या नळीचं फॉइल एका बाजूने चांगलं बोटभर फाटलं होतं.

"झाकलं?" जोएलने विचारलं.

कालची आलेली पोरगी, आणि हिच्यापुढे गॉर्डन लाळ घोटणार!

"झाकलं!" मार्लीन म्हणाली.

पांढरा दिवा लख्ख लागला. जेवणाच्या सुट्टीत मार्लीनने घरून आणलेल्या पेरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, सावर क्रीममध्ये बुडवून खाल्ल्या. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

निकाल आला तेव्हा ती चक्रावली. फॉइलमधल्या दोन्ही नळ्या गप्प होत्या. जोएलची फाटकी नळीसुद्धा!

"जांभळ्या प्रकाशात मार्लीनचा धागा थोडा सरस ठरलाय," गॉर्डन म्हणाला. "म्हणजे मार्लीनच."

मार्लीनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जोएलने टेबलावरचं आपल्या नळीचं फॉइल उचललं.

"अरे, हे तर फाटलंय! गॉर्डन, दिवा लागला तेव्हाच हे फाटलेलं असेल, तर माझं झाकण साध्या उजेडात उघडत नाही."

गॉर्डन ताडकन उठला. "अगं, मग दवाखान्यात लाल खोलीची कटकटच नको! तिथल्या डॉक्टरांना भरदिवसा काम करता येईल. परत करून बघ."

"धागा संपलाय. नवा बनवायला पंधरवडा लागेल."

"माझ्याकडे आजचाच दिवस आहे. कधी फाटलं ते कुणी पाहिलंय?"

जोएलने जरा विचार केला आणि मान हलवली. "नाही रे. मार्लीनने बघून 'झाकलं' म्हटलं होतं. तिची नजर चुकायची नाही. मीच काढताना फाडलं असणार. जाऊ दे. अभिनंदन हं, मार्लीन!"

आणि तिने मार्लीनला मिठी मारली, अगदी मनापासून. मार्लीन ताठ उभी राहिली. या बयेला हरताही इतकं छान यावं? आतासुद्धा तिला हेवाच वाटला, आधीपेक्षा जास्त. नुसतं गप्प बसलं की झालं, गॉर्डन पुन्हा "मार्लीनचा धागा" म्हणणार होता.

"तेव्हाच फाटलेलं होतं," मार्लीनच्या तोंडून निघून गेलं. "मी पाहिलं होतं."

जोएलने मिठी सोडली. "पण तू तर झाकलं म्हणालीस."

"म्हणाले."

"का गं?"

"तुझी नळी होती म्हणून."

गॉर्डनने खुर्ची ओढली आणि तो बसला. जोएल हातातलं फॉइल बोटांनी सरळ करत राहिली, मार्लीनकडे न बघता.