अंगठ्याच्या आधी

‘नाही’ ऐकून चेहरा खुलणारा माणूस मी अख्ख्या वऱ्हाडात एकच पाहिला, आणि त्याचा हेवा मी अगदी मनापासून केला. आमच्या अकोल्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर ते. साठ सालच्या आसपास पोटातल्या जंतांवरचं एक नवं औषध तपासायचं काम मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांवर सोपवलं. मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत जायचं, कबूल असतील त्यांना औषध द्यायचं आणि गुण येतो का ते लिहायचं. डॉक्टर मी, कंपाउंडर ते, पण गावात मी एकटा दिसलो की बाया विचारायच्या, “ते नाई आले का?” माझं पित्त तिथूनच खवळे.

विचारण्याचं त्यांना व्यसनच होतं. शकुंतला गाडीत खिडकी उघडायची तर डब्यातल्या प्रत्येकाची परवानगी घेत. शेवटच्या म्हाताऱ्याने मान हलवेपर्यंत आमचं स्टेशन आलेलं असे. जठारपेठेत माझ्या घरी जेवायला आले, तर माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, तुमाले सैपाक कराले आवडते का?” ती पळी हातात धरून उभीच राहिली. सात वर्षांच्या संसारात हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि पुढचे आठ दिवस तिने ते मला विसरू दिलं नाही.

गावात लिंबाखाली बसून ते एकेकाला सगळं समजावत. औषध नवं आहे, गुण येईलच असं नाही, मळमळेलही, आणि नको असेल तर जुनं औषध आहेच. मग म्हणत, “आता तुमीच मले सांगा, मी काय करनार हावो?” समोरचा ‘तुमी म्हनसान तसं’ म्हणाला की वही बंद. नीट सांगितलं तरी लगेच अंगठा घेत नसत. घरी जा, झोपून उठा, उद्या सांगा. दुसऱ्या दिवशी कुणी येऊन ‘नाही’ म्हणाला की यांना कोण आनंद, याला खरंच समजलं म्हणून! अशाने दिवसाला चार अंगठे होत. इकडे मला पुढच्या शिक्षणाला मुंबईला जायचं होतं, आणि अहवाल वेळेत दिला तरच साहेब पाठवणार होते.

म्हणून कंपाउंडर बहिणीकडे अमरावतीला गेल्याची संधी साधून मी पाटलांच्या ओसरीवर बसलो. पाटलांनी हाक मारली, लोक आले, अंगठ्याला शाई लागली, लोक गेले. दुपारच्या आत चाळीस अंगठे! चौथ्या दिवशी आम्ही दोघं औषध घेऊन गेलो, तर एक म्हातारी माझ्यापुढे अंगठा नाचवत आली.

“डाक्टर, तीन रोज झाले शाई लावून. पोट तं अजून दुखूनच राह्यलं.”

तिला शाई हेच औषध वाटलं होतं. कंपाउंडर शेजारीच उभे होते. माझे चाळीस कागद बाजूला ठेवून लिंबाखाली बसले आणि पहिल्यापासून एकेकाला विचारू लागले. त्यात तेरा जण ‘नाही’ म्हणाले, आणि मी दात ओठ खात ते लिहून घेतलं.

आता हे साहेबांना सांगणार, माझी मुंबई बुडाली, याची मला खात्री होती. त्यांच्या जागी मी तेच केलं असतं. आठवडा गेला तरी साहेब काही बोलेनात. शेवटी न राहवून मीच कंपाउंडरांना विचारलं, सांगितलं का नाही?

“तुमाले इचारलं नोतं न,” ते म्हणाले. “तुमची गोष्ट हाये. न इचारता कसा सांगू?” मग बाटल्या पुसता पुसता म्हणाले, “आमच्या बापाले उभ्या जन्मात कोनी इचारलं नाई, डाक्टर. वेठीले धरलं तं धरलं.”

साहेबांना शेवटी मीच सांगितलं. खेड्यातल्या माणसाला ते एक रात्र देत, मला चार लागल्या. मुंबई वर्षभर लांबली. हेवा मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. कारण आता तो कशाचा आहे हे मला कळलं होतं.

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे लिहिताना त्यांचं नाव मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. त्यांना विचारायचं राहून गेलं.